बीमवाल्या बाळासोचा रिपोर्ट

बाळासोनं उभ्या आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता, आणि ही गोष्ट अक्कलकोट रोड एमआयडीसीत सगळ्यांना ठाऊक होती, कारण तो स्वतःच ती सांगत फिरायचा. चहाच्या गाड्यावर शनिवारी कुणी 'आज बसायचं का' म्हटलं की हा हातातला ग्लास खाली ठेवून सुरू व्हायचा. बाप कसा दारूनं गेला, वेळापूरच्या बाजारातून त्याला खांद्यावर टाकून घरी कसं आणावं लागायचं, गाव बघत उभं कसं राहायचं. "माज्या खांद्यावर पयलं ओझं बापाचं होतं," हे वाक्य त्यानं इतक्यांदा ऐकवलं होतं की गाड्यावरची माणसं ते त्याच्याबरोबर तोंडातल्या तोंडात म्हणायची.

सतराव्या वर्षी तो वेळापूर सोडून सोलापुरात आला. आता चौपन्न. धंदा बीम वाहायचा. ताण्याचं, उभ्या धाग्यांचं सूत गुंडाळलेला लोखंडी रूळ म्हणजे बीम, भरल्यावर सव्वाशे किलोच्या आसपास जातो. टॉवेलच्या मागावरचं सूत संपलं की नवा बीम आणून चढवायचा. कागदावर प्रत्येक शेडला ट्रॉली असते. दोन मागांमधली वाट मात्र ट्रॉलीला पुरत नाही, माणसाला पुरते. मग एक खांदा पुढं, एक खांदा मागं. पुढं बाळासो आणि मागं चनमल्लप्पा, चौदा वर्षं हीच जोडी. चनमल्लप्पा अक्कलकोटकडचा, घरात कानडी, बाहेर मराठी. दोघं बोलायचे फार थोडं. बीम खांद्यावर असताना बोलायला श्वास उरत नाही, आणि खाली ठेवल्यावर बोलण्यासारखं काही उरत नाही. मागच्याचा पाय कुठं पडतोय हे पुढच्याला न बघता कळायचं, यातच त्यांची सगळी दोस्ती होती.

घरी नीलमनगरात एक खोली. बायको बजाबाई पाच वर्षांपूर्वी गेली. पोरगा अभिमन्यू शहराच्या दुसऱ्या टोकाला, चिंचोळी एमआयडीसीतल्या औषधांच्या कंपनीत. तीन वर्षांपूर्वी बाळासोनं त्याला घरातून काढला होता. त्याबद्दल गाड्यावर कुणी विचारलं की बाळासो दोनच शब्द सांगायचा, "पिऊन आला." आणि मान ताठ करायचा. पोटच्या पोरालाही सूट दिली नाही, हे सांगताना त्याला वाईट वाटत नसे असं नाही, पण त्यात एक मोठेपणाही वाटायचा. एकट्या माणसाला धरून राहायला काहीतरी लागतं. बाळासोला ते लागायचं.

दिवाळीला माग दहाबारा दिवस बंद असतात. माणसं गावी जातात. परत सुरू करायचं म्हटलं की सगळ्या शेडमध्ये एकदम बीम चढवायचे असतात आणि सगळ्यांनाच घाई. यंदा चनमल्लप्पा गावाहून आला नव्हता, सासू आजारी होती. बाळासोच्या जोडीला एक नवखा गडी मिळाला. त्याला खांदा कसा द्यायचा तेच कळत नव्हतं, वळणावर सगळा भार पुढं यायचा. दोन दिवसांत सव्वीस बीम झाले. दुसऱ्या संध्याकाळी बाळासोला हात वर करून सदरा काढता येईना. लघवीला गेला तर कोऱ्या चहासारखा रंग. उन्हानं असेल, म्हणून तो तांब्याभर पाणी प्याला, अंगदुखीच्या दोन गोळ्या घेतल्या आणि झोपला.

तिसऱ्या दिवशी सकाळी एमआयडीसीत फुकट आरोग्य तपासणीचं शिबिर होतं. मांडव, सतरंजी, फ्लेक्स, फ्लेक्सवर हात जोडलेले पाहुणे. कामगारांनी रांगेत उभं राहून रक्त दिलं. लघवीचा रंग विचारला तर बाळासोनं खरा सांगितला. मागचे दोन दिवस काय काम केलंस, हे कुणी विचारलं नाही.

चार दिवसांनी रिपोर्ट आले ते महेश्वर मुनीमकडं. महेश्वर हिशेबाचा माणूस, पण त्याला जाहीर वाचनाची हौस. चहाच्या गाड्यावर गठ्ठा घेऊन उभा राहिला आणि एकेकाचं नाव घेत साखर, रक्तदाब, हिमोग्लोबिन सांगू लागला. माणसाचं रक्त म्हणजे त्याची खासगी गोष्ट, ती चारचौघांत वाचायला हा कोण लागून गेला, हे तिथं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मजुराचं खासगी काही असतं, हेच मुळी कुणाच्या डोक्यात येत नाही.

बाळासोच्या कागदावर नऊ ओळी होत्या. सात साध्या, दोन ठळक. एसजीओटी दोनशे बारा. एसजीपीटी अठ्ठ्याऐंशी. पुढं बारीक अक्षरात, चाळीसपर्यंत ठीक. आणि त्याखाली शिबिराच्या डॉक्टरनं पेनानं मराठीत लिहिलं होतं, खाली रेघ मारून: दारू बंद करा.

महेश्वरनं ते वाचलं. मग थांबला. मग पुन्हा एकदा मोठ्यानं वाचलं.

गाड्यावर असं हसू उसळलं की पलीकडच्या शेडमधले दोघं बघायला बाहेर आले. बाळासोला राग यायला वेळच मिळाला नाही. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी त्याच्या ग्लासात वाकून बघितलं. "एवडी वर्सं आमाला भाषण दिलास आणि एकदा बोलावलं न्हाईस की," असं एकानं खरोखरच्या तक्रारीच्या सुरात म्हटलं. बाळासो ओरडून सांगत राहिला की हे खोटं हाय, कागद दुसऱ्याचा असंल. महेश्वरनं नाव दाखवलं, वय दाखवलं, मोबाइल नंबर दाखवला. सगळं त्याचंच.

त्या डॉक्टरनं दिवसभरात दोनशे कागद बघितले असतील. एका कागदाला अर्धं मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात त्याला बाळासो दिसला नाही, आकडा दिसला. कामगार आहे, लिव्हरचा आकडा वाढलाय, लघवी गडद सांगतोय, मग दुसरं काय असणार. एक प्रश्न विचारायचे कष्ट वाचले.

खरा त्रास पुढं सुरू झाला. लोक त्याच्याशी वाईट वागले असते तर बाळासोला सोपं गेलं असतं, भांडण त्याला जमायचं. पण लोक चांगले वागू लागले. जे पिणारे त्याला बघून रस्ता बदलायचे, ते हाक मारून जवळ बसवू लागले. एकानं तर खांद्यावर हात टाकून, लिव्हर सांभाळून कसं घ्यायचं, सोबत काय खायचं, ते समजावलं. सदतीस वर्षं ज्यांच्यापासून तो वेगळा उभा होता, त्यांनी एका दुपारीत त्याला आपल्यात घेतलं. आणि बाळासोला कळलं की त्याचं वेगळं उभं राहणं तेवढंच त्याच्याकडं होतं.

दुसऱ्या दिवशी चनमल्लप्पा गावाहून आला. तो हसला नाही. त्यानं कागद हातात घेतला, वाचता येत होतं तेवढा वाचला, घडी करून परत दिला.

"एनप्पा बाळासो, घेत असशील तर मला सांग," तो म्हणाला. "मी कुणाला बोलणार न्हाय. पण बीम खांद्यावर असतंय. तुजा पाय घसरला तर मागं मी हाय."

"बजाबाईची शपथ, चनमल्ल्या. थेंब न्हाय."

 चनमल्लप्पा हळूच म्हणाला, "पिणारे सगळे शपथच घेतेत. तूच सांगायचास की मला, पोराच्या टायमाला."

 हे वाक्य बाळासोचंच होतं. तीन वर्षांपूर्वी त्यानंच ते चनमल्लप्पाला याच गाड्यावर ऐकवलं होतं.

चनमल्लप्पानं दुसरा जोडीदार घेतला. भांडण नाही, अबोला नाही. फक्त म्हणाला की तुजं रक्त नीट होईस्तोवर. आणि बीमचं काम एकट्याला करता येत नाही. एका खांद्याचा माणूस तिथं कुणालाच नको असतो.

बाळासो आधी शिबिरवाल्यांच्या लॅबमध्ये गेला. काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं की आम्ही आकडे देतो, अर्थ डॉक्टर सांगतात. डॉक्टर कुठं आहेत विचारलं तर ते शिबिरापुरते आले होते. म्हणजे आकडा एकाकडं, अर्थ दुसऱ्याकडं आणि दुसरा गावात नाही. बाळासोनं काउंटरवर हात आपटला. वॉचमननं त्याच्याकडं बघितलं, मुलीच्या हातातल्या कागदाकडं बघितलं आणि 'चला, सकाळी सकाळी' असं म्हणत दार उघडून धरलं.

मग तो महापालिकेच्या दवाखान्यात गेला. दोन तासांनी नंबर लागला. डॉक्टरीण तरुण होती, सगळे तिला महेश्वरी मॅडम म्हणायचे. बाळासोनं बसायच्या आधीच सांगून टाकलं, "मी पीत न्हाय. तुमी काय म्हणायचं ते म्हणा."

ती म्हणाली, "मी अजून काहीच म्हटलं नाही. बसा."

तिनं कागद बघितला आणि मग जे कुणी विचारलं नव्हतं ते विचारलं. रक्त द्यायच्या आधी दोन दिवस काय केलं होतं? बाळासोनं सव्वीस बीम सांगितले. नवखा गडी, सदरा न निघणं, चहासारखी लघवी, दोन गोळ्या, सगळं सांगितलं. तिनं त्याला सदरा काढायला लावला. उजव्या खांद्यावर घट्टा होता, नारळाच्या अर्ध्या करवंटीएवढा, त्याच्या खालचं मांस अजून सुजलेलं. तिनं दंड दाबला तेव्हा बाळासोनं दात आवळले.

मग तिनं कागद त्याच्याकडं फिरवला आणि त्या दोन ओळींवर बोट ठेवलं. ही दोन्ही लिव्हरच्या पेशींच्या आतली द्रव्यं, ती म्हणाली. आत असतात तोवर कामाची. पेशी दुखावल्या, फुटल्या की रक्तात सांडतात आणि मशीनला दिसतात. एसजीपीटी जास्त करून लिव्हरमधलं, थोडं स्नायूंतलं. पण एसजीओटी लिव्हरमध्ये असतं तसं स्नायूंमध्येही भरपूर असतं. "एसजीओटी दुसऱ्याच्या दुप्पट गेलं की दारूचा संशय येतो, हे खरं. त्या डॉक्टरांनी तेवढंच बघितलं. पण दहा दिवस बसून राहिलेल्या अंगावर एकदम एवढं ओझं टाकलं तर मांस फाटतं, आणि तेव्हाही हाच आकडा येतो."

बाळासोच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की हे पुरतं उतरलं नाही. तिनं विचारलं, "तुमच्या अंगावर आत्ता सुताचं तूस आहे. त्यावरून मला काय कळतं?"

"मी मागाच्या शेडमदनं आलो."

"कुठल्या शेडमधून?"

"ते कसं कळंल तुमाला?"

"मग झालं. आकडा तेवढंच सांगतो. कुठल्या शेडमधून ते विचारावं लागतं."

बाळासो उठला. त्याला ताबडतोब तसं लिहून हवं होतं, सही-शिक्क्यासकट: हा माणूस पीत नाही. महेश्वरी मॅडमनं नाही म्हटलं. म्हणाली, तुम्ही पिता असं मी म्हणत नाही, पीत नाही असंही आज म्हणणार नाही. आणखी दोन तपासण्या करू. एक सीपीके, ती स्नायूंची. एक जीजीटी, लिव्हरला दारूचा मार बसत असेल तर ती बहुतेक वेळा चढते. शिवाय काविळीच्याही करू, कारण लिव्हरला दारू सोडून इतर दहा दुखणी असतात. गोळ्या बंद, पाणी भरपूर, दहा दिवस ओझं नाही आणि मग पुन्हा हेच दोन आकडे. लघवी पुन्हा तशी झाली तर मात्र दहा दिवस थांबायचं नाही, धावत यायचं. बाळासोला तिचा राग आला. चार दिवसांत पहिल्यांदा कुणी त्याला खोटारडा ठरवलं नव्हतं, आणि त्याला त्याचाच राग आला. त्याला पूर्ण विश्वास हवा होता. तिनं फक्त निकाल राखून ठेवला.

रक्त काढताना तंत्रज्ञाच्या धक्क्यानं स्पिरिटची बाटली कलंडली आणि बाळासोची डावी बाही कोपरापर्यंत भिजली. वाळंल, म्हणून तो तसाच बाहेर पडला आणि शेअर रिक्षात बसला. शेजारी एक बाई होती, मांडीवर भाजीची पिशवी. तिनं नाकाला पदर लावला. मग पिशवी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली आणि होईल तेवढी सरकली. रिक्षावाल्यानं आरशात बघितलं. "मामा, सकाळी सकाळीच का," एवढंच म्हणाला, तेही हसून.

बाळासो तोंड उघडणार होता, दवाखान्यातनं आलोय, स्पिरिट हाय ते. उघडलं नाही. कारण तेवढ्यात त्यानं स्वतःच तो वास घेतला होता.

हा वास त्याला माहीत होता. तीन वर्षांपूर्वी, भर दुपारी, पहिल्या पाळीहून आलेल्या अभिमन्यूच्या शर्टाला हाच वास होता. दाराशीच बाळासोनं त्याची कॉलर धरली होती. बजाबाई जाऊन दोन वर्षं झाली होती, मधे पडायला कुणी नव्हतं. पोरगं म्हणत होतं, "आबा, कंपनीचा वास हाय ह्यो. ऐकून तरी घ्या." बाळासोला बापाचा वास ओळखीचा होता, त्याला पोराचं ऐकायची गरज नव्हती. पिणारे सगळे असंच सांगतेत, तो म्हणाला होता, आणि पिशवी दाराबाहेर टाकली होती. बापाचा वास त्यानं हजारदा घेतला होता. तो आंबट असायचा, घशात बसणारा. पोराच्या अंगावरचा कोरडा होता, नाकात चढणारा. हा फरक त्याला तेव्हाही कळला असता, नाकाला विचारलं असतं तर.

नीलमनगरचा थांबा आला तरी तो उतरला नाही. रिक्षावाल्यानं हाक मारली तेव्हा उतरला.

पुढचे दहा दिवस त्याच्या आयुष्यातले सगळ्यात लांब. सदतीस वर्षांत आजारपणाशिवाय तो कधी दिवसा घरी बसला नव्हता. दिवसा खोली कशी दिसते हे त्याला माहीतच नव्हतं. अकरा वाजता खिडकीतून उन्हाचा पट्टा यायचा आणि बजाबाईच्या रिकाम्या डब्यांवरून सरकत सरकत दोनला भिंतीवर चढून जायचा. लांबून मागांची खटखट ऐकू यायची. जेवायला तो एक भाकरी आणि शेंगाची चटणी घ्यायचा, ताटलीत दोन भाकरींची जागा राहायची. शेजारणीनं एकदा कालवण दिलं आणि देताना म्हणाली की आता सोडलीय ना, मग अंगाला लागंल. त्यानं वाटी परत केली नाही. कालवण खाल्लं, वाटी घासून परत दिली, आणि काही बोलला नाही. असं न बोलणं त्याला आधी जमत नव्हतं.

मधे एकदा दवाखान्यात बोलावलं होतं. सीपीके तीन हजार शंभर आलं होतं, असायला हवं दोनशेच्या आत. जीजीटी तेवीस, म्हणजे ठीक. काविळीच्या तपासण्या साफ. मॅडमनं सांगितलं की माल तुमच्या खांद्याच्या शेडमधला दिसतोय. बाळासो हसला नाही. दहा दिवसांनी परत रक्त दिलं. एसजीओटी चौतीस, एसजीपीटी एकतीस. एकही ओळ ठळक नाही. या वेळी मॅडमनं न मागता लिहून दिलं: आधीची वाढ अतिश्रमामुळे स्नायूंना झालेल्या इजेची, दारूमुळे असल्याचं तपासणीत दिसत नाही. आणि पुन्हा सुट्टीनंतर असं एकदम ओझं घेऊ नका, किडनी जाईल, हेही तोंडानं बजावलं.

कागद घेऊन तो सरळ चहाच्या गाड्यावर आला. वाटभर त्यानं मनात भाषण जुळवलं होतं. महेश्वरच्या हातात कागद द्यायचा आणि म्हणायचं, वाच आता, तसंच मोठ्यानं वाच. महेश्वरनं कागद बघितला, "बरं झालं की," म्हणाला आणि त्याच्याकडं नवा चहा सरकवला. बाकीच्यांचं कशावरून तरी वेगळंच चाललं होतं. चौदा दिवसांपूर्वीची गंमत कुणाला पुरती आठवतही नव्हती. एकजण म्हणाला, "सोडलास व्हय? चांगलं केलास." बाळासो भाषण गिळून बसला. जे परत मिळवायला तो निघाला होता ते इथं कुणी नेलंच नव्हतं. इथं ते कधी ठेवलेलंच नव्हतं.

चनमल्लप्पानं मात्र कागद नीट वाचला, बोट ठेवून, ओळीओळीनं. मग म्हणाला, "उद्या ये. हलके बीम घेऊ आधी." माफी मागितली नाही, बाळासोनंही मागितली नाही. तसलं बोलणं त्यांच्यात नव्हतं.

"चनमल्ल्या," बाळासो म्हणाला, "अभिमन्यूचा नंबर हाय का तुज्याकडं?"

चनमल्लप्पानं लगेच मोबाइल काढला. जणू तीन वर्षं वाटच बघत होता. "दिवाळीला करतो की मला. तुजी चौकशी करतो. तू रागावशील म्हणून सांगितलं न्हाय."

बाळासो शेडच्या मागं गेला, सूत उतरवायच्या ओट्यावर बसला. दुपारचे तीन वाजले होते. रिंग बराच वेळ वाजली. पलीकडं मशीनची घरघर आणि मग आवाज, "कोण?"

"मी हाय."



"आबा, बरं हाय न्हवं?" आवाज घाबरलेला होता. "चनमल्लप्पाकाकांचा फोन आलता. म्हणले रिपोर्टवर दारू लिवलंय. मी म्हणलं काका, कागद चुकला असंल. आमचा आबा पीत न्हाय."

बाळासोच्या दुसऱ्या हातात तिन्ही कागद होते, शिक्क्यासकट. सीपीके, जीजीटी, चौतीस, एकतीस. हे सगळं न बघता पोरगं ते वाक्य बोललं होतं. त्यानं कागद मांडीखाली सारले.

"अभिमन्यू, त्या दिवशी दारात तू कायतरी सांगत हुतास," तो म्हणाला. "कंपनीचं. मी ऐकलं न्हाय. परत सांग."

 पलीकडं मशीनची घरघर हळूहळू लांब गेली, दार लागल्याचा आवाज आला. पोरगं ऐकू जावं म्हणून बाहेर आलं होतं. बाळासोनं मोबाइल कानाला आणखी घट्ट धरला आणि थांबून राहिला.